एकट्यानं बाहेर यायचं नाही

दोष बापाचा होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शेवटी सगळे मिळून पोरावर ढकलतील. तशी मोठ्या माणसांची ही जुनीच खोड. नियम सांगायचा, कारण सांगायचं नाही, आणि पोराच्या हातून नियम मोडला की ‘आम्ही आधीच बजावलं होतं’ म्हणून हात झटकायचे. या बापानं तर आठ वर्षांच्या पोराच्या हाती असं काही सोपवलं, की जे मोठा माणूसही सांभाळताना दहादा विचार करेल. आणि सोपवलं कसं? दुकानातून सुतळी आण म्हणावं, तसं.

तर ऐका.

मंगळवार होता. दुपारचे दोन. पोरगा टेम्पो घेऊन बापाच्या दारात उभा राहिला. आता तो चोवीस वर्षांचा होता. कला महाविद्यालयाचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडलेला. हातात ड्रिल, खिशात मोजायची टेप, कानामागे खडू. काम तसं साधंच होतं. जिन्याखालची लाकडी खोली सुटी करायची, फळ्यांवर नंबर टाकायचे, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या छापखान्याची गॅलरी केली होती तिथं नेऊन ती जशीच्या तशी उभी करायची.

प्रदर्शनाचा विषय मॅडमनी ठरवला होता. मॅडम म्हणजे क्यूरेटर बाई. माणसाच्या स्वतःच्या पवित्र जागा, असा विषय. देवाच्या नाहीत, धर्माच्या नाहीत. माणूस दार लावून घेतो आणि एकट्यानं, रोज, काहीतरी ठरलेलं करतो, त्या जागा. एकीनं तिच्या आजीची खिडकी चौकटीसकट उचकटून आणली होती. आजी तिथं रोज पाठमोरी बसून केस विंचरायची. एकानं ट्रकची केबिन आणली होती. पोरानं सांगितलं, आमच्या घरात जिन्याखाली बाप बसायचा. मॅडमचे डोळे चमकले.

बापाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “ने. सगळी ने. एक खिळा मागे ठेवू नकोस.”

ती खोली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. जिन्याच्या पोटात सहा फूट लांब, तीन फूट रुंद जागा. एक दार. आत एक स्टूल, आणि भिंतीतल्या खिळ्याला आईची राखाडी शाल. आई पोरगा चार वर्षांचा असताना गेली. बाप वजनकाटे दुरुस्त करायचा. सहाला घरी आला की हातपायही न धुता, अंगाला मशीनच्या तेलाचा वास घेऊन, तो त्या खोलीत शिरायचा, आतून कडी घालायचा आणि अंधारात बसायचा. पंधरा मिनिटं. आत काय करायचा कुणास ठाऊक. कधीकधी शीळ ऐकू यायची. एकच चाल, आणि तिसऱ्या वळणावर हमखास चुकलेली. सव्वासहाला आतून तीनदा ठोकायचा. टक, टक, टक. मग बाहेरच्या माणसानं हाक मारायची. बाप आतून ‘ओ’ द्यायचा, कडी काढायचा आणि बाहेर यायचा.

हाक मारायचं काम आधी आत्याकडे होतं. पोरगा आठ वर्षांचा झाला तसं ते त्याच्याकडे आलं.

“मी ठोकलं की हाक मारायची,” बापानं सांगितलं होतं. “एकदाच. नीट, मोठ्यानं. मारलेली हाक परत मारता येत नाही. जो ओ देईल, हाक त्याची.”

“आणि नाही मारली तर?”

“तर मी येणार नाही.”

“कडी तर आतून आहे. काढायची आणि यायचं.”

“एकट्यानं जायचं, पण एकट्यानं बाहेर यायचं नाही. माझे वडील असंच करायचे. त्यांचे वडीलही.”

“पण का?”

“टिल्ल्या, जास्त शहाणपणा नको.” आणि पाठीत एक धपाटा.

झालं. एवढंच शिक्षण.

बाप चांगला होता असं कुणी म्हणणार नाही. तापट होता, विसराळू होता, दूध गॅसवर ठेवून शेजाऱ्याशी भांडायला जायचा. हात उगारायचा. पण हसायचाही, अगदी ठसका लागेपर्यंत. आणि पोराला टिल्ल्या म्हणायचा. जगात दुसरं कुणी म्हणायचं नाही.

पोरगा नऊ वर्षांचा असताना बापानं त्याची चित्रांची वही फाडली. रागानं नाही, तेच तर वाईट. काट्याचं तेल पुसायला चिंधी सापडेना, समोर वही दिसली, फाडली. सव्वीस चित्रं होती. पोरानं मोजून ठेवली होती. तेलकट बोळे कचऱ्याच्या डब्यात पाहिल्यावर तो रडला नाही. तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर, बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर, गुडघ्यांना मिठी मारून बसला आणि सव्वासहा वाजायची वाट पाहू लागला.

टक, टक, टक.

पोरानं ओठ मिटून धरले.

पुन्हा टक, टक, टक. मग आवाज. “टिल्ल्या?” मग हसणं. “अरे, पुरे झाली मस्करी. हाक मार.”

पोरानं पायरीवरच्या लाकडाचा टवका नखानं उचकटला.

“बरं, चुकलं माझं. वही ना? नवी आणतो. दोन आणतो. बास? हाक मार आता.”

दोन म्हटल्यावर पोरगा जरा विरघळला होता, हे खरं आहे. अजून थोडं ताणावं, तीन म्हणेल, एवढाच त्याचा हिशेब होता. नऊ वर्षांच्या पोराचा हिशेब याहून मोठा नसतो.

मग आतला आवाज खाली आला. अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखा. “टिल्ल्या… लवकर मार रे… इथे आत…”

वाक्य तिथंच राहिलं.

बराच वेळ काही नाही. मग कडी सरकली. बाप बाहेर आला. दार त्यानं मागे न बघता लावलं, वर पायरीवर बसलेल्या पोराकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “हात धुऊन घे. जेवायची वेळ झाली.”

मार नाही. शिवी नाही. वही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या दाराला बाहेरून सहा स्क्रू मारले आणि पुन्हा कधी आत बसला नाही. त्या रविवारी आत्या आली. भावाकडे बघत उंबरठ्यावर किती वेळ उभी होती. मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्या दिवसापासून तिनं त्याला ‘दादा’ म्हटलं नाही. पोराशी बोलताना ‘तुझे वडील’ म्हणायची. पोराला वाटलं, मोठ्यांचं भांडण असेल.

बाप मात्र सुधारला. हाच शब्द सगळे वापरत. काय सुधारला हो! आवाज चढवत नाही, दूध उतू जात नाही. अंगाला साबणाचा वास. काट्याची सुई त्याच्या हाताखाली थरथरायचीसुद्धा नाही, तिथंच थांबायची. रोज सहा वाजता तो रेडिओ लावायचा, मोठ्यानं, आणि साडेसहाला बंद करायचा. कधी रेडिओच्या दोन गाण्यांमधून टकटक ऐकू यायची. “पाण्याचा पाइप वाजतो,” तो म्हणायचा. शीळ बंद. ठसका लागणारं हसू बंद. टिल्ल्या बंद. पोराचं पाळण्यातलं नाव होतं, पाच अक्षरी. तेवढं राहिलं.

पोरानं त्याचा अर्थ लावला तो असा, की एका थट्टेसाठी बापानं जन्माचा अबोला धरलाय. मग त्यानं बापाला बोलतं करायचे सगळे उपाय केले. काचा फोडल्या. नापास झाला. शेवटी कॉलेज सोडलं आणि घरी येऊन सांगितलं, तेव्हा मनातून त्याला एकच हवं होतं, बापानं पायातली चप्पल काढावी. बाप वर्तमानपत्राची घडी करत म्हणाला, “ठीक आहे.”

ठीक आहे! थोबाडीत मारली असती तर कमी लागली असती.

तर असा हा पोरगा मंगळवारी दुपारी ड्रिल घेऊन आला. स्क्रू गंजून लाकडात रुतले होते, एकेक काढायला दहा मिनिटं गेली. बाप अंगणात उभा होता. आत आला नाही, पाणी विचारलं नाही. फक्त घड्याळ बघत होता.

“किती वेळ?”

“चार तास तरी.”

“सहाच्या आत घराबाहेर काढ.”

दार उघडलं. कोळ्यांची जाळी भिंतीवरून स्टुलावर, स्टुलावरून शालीवर, पंधरा वर्षांची, एकही तार तुटलेली नाही. धूळ बोटभर. आणि वास… बंद जागेचा कुबट वास यायला हवा होता. आला तो मशीनच्या तेलाचा. ताजा.

पोरानं दाराची आतली बाजू उजेडाकडे फिरवली. खांद्याच्या उंचीवर, जिथं माणसाची बोटं ठोकायला पडतील, तिथं लाकडात खळगा होता. मूठ बसेल एवढा. सगळं दार धुळीनं काळवंडलेलं, आणि खळगा मात्र आतून पिवळाधमक, नव्या लाकडासारखा. कडांना बारीक भुसा अडकलेला. आणखी बोटभर झिजला असता तर आरपार गेला असता.

आता कुठलाही शहाणा माणूस इथं थबकला असता. सुतार थबकला असता. चोरसुद्धा थबकला असता. पंधरा वर्षं बंद असलेल्या दाराला आतून ताजी झीज कशी, एवढं कुणीही विचारलं असतं. पण हा पडला कलाकार. त्यानं खळग्यावरून हात फिरवला, फोन काढला, फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. मॅडमचं उत्तर लगेच आलं. ‘काय टेक्स्चर आहे! याच्यावर तिरका प्रकाश हवा.’

त्यानंही मनात तेच म्हटलं होतं. तिरका प्रकाश हवा.

पावणेसहाला टेम्पो निघाला. आरशात त्याला घराचं उघडं दार दिसलं. बाप जिन्याखालच्या मोकळ्या जागेत उभा राहून ती झाडत होता. झाडता झाडता थांबून कान देत होता. पोरानं त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, पंधरा वर्षांत.

गॅलरीत खोली दोन दिवसांत उभी राहिली. नंबर बरहुकूम. स्टूल आत, शाल खिळ्याला. मांडणीच्या कागदावर त्यानं लिहिलं होतं की एक माणूस आत बसेल, दुसरा बाहेर थांबून हाक मारेल. मॅडमनी ‘दुसरा’ शब्दावर काट मारली.

“अरे, खाजगी म्हणजे खाजगी. बाहेरचा माणूस कशाला?”

“आमच्याकडे तसंच असायचं.”

“तुझे वडील कशाला बसायचे, एकटं व्हायलाच ना? प्रेक्षक आत जाईल, हवं तेवढं बसेल, वाटेल तेव्हा बाहेर येईल. घरच्या सवयी गाळ. गाभा ठेव.”

पोरानं गाळलं. गाभा कोणता आणि सवय कोणती हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी वायरमन शेवटचा दिवा लावत होता. शिडीवर चढून बडबडणारा माणूस.

“कलाकार, एक सांगू? आमच्या घरी पण अशी पवित्र जागा आहे. संडास. मी आत गेलो की बायको, पोरं कुणी दार वाजवत नाही. लावता का प्रदर्शनात?”

“पुढच्या वर्षी.”

“नाही, पाट्या तशाच लिहा हां, जड जड भाषेत. ‘मौनाचा अवकाश’ वगैरे.”

खिडक्यांतून अजून स्वच्छ ऊन येत होतं. तिरका दिवा लागला. खळगा सोन्यासारखा दिसू लागला. पोरानं दार लावून बाहेरून चौकट तपासली.

टक, टक, टक.

वायरमन शिडीवरून वाकला. “आत माणूस ठेवलाय?”

“नाही.”

“मग स्पीकर बसवलात, मला न विचारता? वायर कुठून ओढली? जळलं काही तर माझ्या नावानं बोंब.”

“स्पीकर नाहीये.”

वायरमननं खाली उतरून दार उघडलं. स्टूल. शाल. त्यानं दार लावलं.

टक, टक, टक.

काही न बोलता तो मेन स्विचपाशी गेला आणि खटकन सगळा करंट बंद केला. दिवा गेला. पंखे हळूहळू थांबले. त्या शांततेत तीन ठोके आणखी स्पष्ट आले. घाई नाही, जोर नाही. पंधरा वर्षं रोज एकच काम केलेल्या हाताचे.

वायरमननं पक्कड, टेस्टर, टेप एकेक करून पिशवीत नीट ठेवलं. आता तो विनोद करत नव्हता. “उरलेलं उद्या सकाळी करतो,” तो म्हणाला. “सकाळीच.” आणि शिडी तिथंच टाकून गेला.

पोरानं घड्याळ पाहिलं. सहा वाजून सतरा. लाकूड आहे, उन्हानं आकुंचन पावतं, जागा बदलली की बोलतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. शिकलेला माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो, अर्धवट शिकलेला तर विशेषच.

उद्घाटन शुक्रवारी साडेपाचला होतं. चाळीसेक माणसं आली. बाप आला, इस्त्रीचा शर्ट, साबणाचा वास. आत्याही आली. पोरानं तिला काय मांडलंय ते सांगितलं नव्हतं. ती दारातून आत आली, खोली पाहिली आणि तिच्या हातातला सरबताचा ग्लास तिरका होऊन सांडत राहिला, तिला कळलंसुद्धा नाही.

“ही इथे कशी?”

“मी आणली.”

“कुणाला विचारून?”

“बाबांना.”

“बाबांना,” आत्या म्हणाली. तो शब्द तिनं खडा लागल्यासारखा तोंडाबाहेर काढला.

मॅडमचं भाषण झालं. लोक एकेक करून आत जाऊन बसून आले. छान वाटलं म्हणाले, गार वाटलं म्हणाले. सहाला मॅडमनी दार लावून दिवा तिरका केला आणि फोटोवाल्याला जागा करून दिली.

सव्वासहा.

टक, टक, टक.

“वा!” कुणीतरी म्हणालं. “ध्वनी कुठून सोडलाय? कळतच नाही.” मॅडमनी पोराकडे बघून कौतुकानं मान डोलावली, मला सांगितलं नाहीस हं, अशी.

मग शीळ आली. ती चाल. पहिलं वळण, दुसरं वळण… आणि तिसऱ्याला चुकली.

तेलाचा वास दारातून लोटासारखा आला.

“टिल्ल्या?”

माणसं हसली. छान आवाज होता, मिश्किल.

“अरे, पुरे झाली मस्करी… हाक मार. चुकलं माझं. नवी वही आणतो. दोन आणतो. बास?”

आजूबाजूला टाळ्या पडल्या. पोरानं शेजारी पाहिलं. बाप त्याच्या शेजारीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, बंद ओठ. मग आत बोलतंय ते कोण? आणि आत बोलतोय तो जर… तर हा कोण?

प्रश्न पूर्ण व्हायच्या आत त्याला उत्तर कळलं होतं. पंधरा वर्षं जो अबोला वाटला, तो अबोला नव्हताच. त्याला शिक्षा कुणी केलीच नव्हती. शिक्षा करणारा माणूस आतून ठोकत होता.

“आत्या,” तो तिच्याकडे वळला. “तुला माहीत होतं?”

आत्या रडत नव्हती. तेही जमलं नाही तिला. “तू शाळेत गेलास की यायचे मी. घसा फुटेपर्यंत हाका मारायचे. माझ्या हाकेला ओ देत नाही तो. काम तुझ्यावर सोपवलं होतं ना त्यानं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू लहान होतास.”

“मी चोवीस वर्षांचा आहे, आत्या!”

“घर नीट चाललं होतं रे…” ती बापाकडे न बघता म्हणाली. “हा ओरडत नाही, मारत नाही. मला वाटलं, पोराचं बरं चाललंय. आहे ते कशाला मोडायचं?”

हे आपले वडीलधारे. माणूस भिंतीत चिणला गेला तरी चालेल, घर नीट चाललं पाहिजे.

आतला आवाज खाली आला. “टिल्ल्या… लवकर मार रे… इथे आत…”

पोरानं झेप घेऊन दार उघडलं. स्टूल. शाल. कुणी नाही. त्यानं दार लावलं, आणि ठोके पुन्हा सुरू झाले. आता सारखे नव्हते, दमलेले होते.

त्याच्या खांद्यावर हात पडला. हलका, कोरडा.

“मारू नकोस,” बाप म्हणाला. हळू, नेहमीच्या आवाजात. “मी तुला कधी हात लावला?”

“नाही.”

“कधी आवाज चढवला? कधी तुला उपाशी झोपवलं? परीक्षा बुडवलीस, काचा फोडल्यास. काही म्हणालो?”

“नाही.”

“मग माझं काय चुकलं?”

भयंकर हे होतं, की तो खरंच विचारत होता. पोराला वाटलं, याच्या डोळ्यांत भीती आहे. कधी नव्हे ते काहीतरी आहे.

“तुम्ही मला कधी टिल्ल्या म्हणाला नाहीत,” पोरगा म्हणाला.

ते बापानं कुठेतरी नीट टिपून ठेवलं, असं वाटलं.

टक. टक. तिसरा ठोका आला नाही.

पोरानं छाती भरून श्वास घेतला. एकदाच. नीट. मोठ्यानं. पंधरा वर्षं चौथ्या पायरीवर गुडघ्यांना मिठी मारून बसलेलं नऊ वर्षांचं पोर त्या श्वासात उभं राहिलं, आणि ओरडलं,

“बाबा, बाहेर या!”

“ओ,” त्याच्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

खांद्यावरचा हात तसाच होता.

दारामागून काही आलं नाही. ठोका नाही, शीळ नाही. तेलाचा वास, दिवा विझवावा तसा गेला. मग टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मॅडम धावत येऊन म्हणाल्या, “अरे, तू तर सगळ्यांना हलवलंस!” आत्या भिंतीला टेकून खाली बसली. पोरानं दार उघडून खळग्यात हात घातला. लाकूड अजून गरम होतं.

त्यानं पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. लोकांना तेही आवडलं. प्रदर्शन महिनाभर चाललं आणि रोज सव्वासहाला तो त्या दारापाशी उभा राहिला. घसा बसला, हाका संपल्या. आतून काही नाही. ती आता खरोखरच रिकामी खोली होती.

पण त्या शुक्रवारचं एवढं सांगायचं राहिलं. बापानं त्याला स्वतः घरी नेलं. पोरगा चालत होता की नेला जात होता, त्याला माहीत नाही. वाटेत स्टेशनरीच्या दुकानापाशी बाप थांबला. आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चित्रकलेच्या दोन वह्या होत्या.

“घे टिल्ल्या,” तो म्हणाला. “दोन म्हटल्या होत्या ना.”

आणि हसला. ठसका लागेपर्यंत हसला. मग खिशात हात घालून पुढे चालू लागला आणि शीळ घालू लागला. तीच चाल. पहिलं वळण. दुसरं वळण. पोरगा श्वास धरून तिसऱ्याची वाट पाहत राहिला. बाप तिथं कायम चुकायचा.

हा चुकला नाही.

त्या एका हाकेत पोराचा खरा बाप गेला. दुसरं काही नुकसान झालं नाही.